संकटातल्या परदेशी संशोधकाला बडोद्यात बसून कायदेशीर मदत: सुरुवात कुठून करावी?

सानिका_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. कामं म्हणाल तर चेक बाउन्स, पोटगी, भाडेकरूंची भांडणं. परदेश, व्हिसा, निर्वासित या गोष्टींशी आजवर कधी संबंध आला नाही.

विद्यापीठातल्या एका ओळखीच्या बाईंनी मध्यंतरी एका परदेशी संशोधकाला माझ्याकडे पाठवलं. मायदेशी कॉलेजात शिकवून झालंय, इथे शिष्यवृत्तीवर पीएचडी चालू आहे. तिकडे असताना लिहिलेल्या लेखांमुळे परत जाणं धोक्याचं झालंय, घरी चौकशा होऊन गेल्यात. शिष्यवृत्ती संपत आली आहे आणि तिसऱ्या देशात कुठे जागा मिळाली तर हवी आहे. देश, विषय, बाई की पुरुष, यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. कृपया अंदाजही बांधू नका.

सीनियरांना विचारलं तर म्हणाले, "आपलं काम नाही ते, दिल्लीचं कुणीतरी बघेल." दिल्लीचं कोण, ते त्यांनाही सांगता येईना.

फी घ्यायची नाहीये. पण जे येत नाही त्यात हात घालून समोरच्याचं वाटोळं करायचंही नाहीये. माझ्यासारख्या तालीम नसलेल्या वकिलाने यात नेमकं काय करावं, आणि काय अजिबात करू नये?

झंप्या

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

रावपुरा_रिटर्न्स

बडोद्यात व्हिसाचं काम करणारा मिळत नाही म्हणजे जगद्‌विख्यात विनोद झाला. अलकापुरीत दगड मारला तर तो एजंटलाच लागतो. आणि त्याने 'कॅनडा की ऑस्ट्रेलिया?' विचारल्याशिवाय दगड परत मिळत नाही.

गंमत सोडा, पण एजंटाकडे पाठवू नका. माझ्या भाच्याला एकाने 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' लिहून दिलं होतं, त्यात दुसऱ्याच मुलाच्या गावाचं नाव राहून गेलं होतं. भाच्याची फक्त फी बुडाली. तुमच्या माणसाचं काय काय बुडेल?

वकीलकाका

सानिका, प्रश्न चांगला विचारलास. पस्तीस-चाळीस वर्षं काळा कोट घालतोय, त्यातली काही परदेशी नागरिकांच्या प्रकरणांत गेली. जमेल तसं लिहितो.

आधी आपल्या देशातली जमीन बघ. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. कायद्याच्या नजरेत हा माणूस फक्त 'परदेशी नागरिक', आणि त्याला आता २०२५ चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू होतो. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याने १९४६ च्या जुन्या कायद्यासकट चार कायदे गुंडाळले. मुदत संपल्यावर राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड. म्हणून तिसऱ्या देशाची स्वप्नं बघण्याआधी व्हिसाची तारीख बघ. शिष्यवृत्ती संपण्याची तारीख, नोंदणी संपण्याची तारीख आणि पासपोर्ट संपण्याची तारीख या तिन्ही त्याहून वेगळ्या असू शकतात. या चारांतली सगळ्यात आधीची कुठली, तिथून उलटं मोजायला लाग. मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) मुदतीच्या आत गेलाच पाहिजे. मुदत उलटली तर देश सोडतानाही परवानगी लागते, आणि हाती तिकडच्या विद्यापीठाचं पत्र असून माणूस विमानतळावर अडकतो.

आता गुजरातच्या वकिलाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. १९९८ मध्ये भुजला अडकवून ठेवलेल्या दोन इराकी निर्वासितांचं प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात आलं. अल कुतैफी प्रकरण म्हणून शोध. जिथे जिवाला धोका आहे तिथे परत धाडू नये हे तत्त्व न्यायालयाने घटनेच्या कलम २१ मध्ये वाचलं. कलम २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. अर्थात त्यावर फार विसंबू नकोस. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालय म्हणालं की भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे. दोन्ही वाऱ्यांची दिशा ठाऊक असावी.

शंकासुर

मला एक कळत नाही. आपल्याच तुरुंगात वर्षानुवर्षं कच्चे कैदी पडलेत, त्यांना वकील मिळत नाही. आपल्याच विद्यापीठांत कंत्राटी प्राध्यापक पगारासाठी दारोदार फिरतायत. आणि फुकट सेवा कुणाला, तर जो लेख लिहून अडचणीत आला त्या परदेशी विद्वानाला. तो इंग्रजीत चार मेल लिहून स्वतःचं बघू शकतो. आपला कैदी नाही बघू शकत.

अनुराधा_जी

@शंकासुर, मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम केलंय (ग्वाल्हेरला, बडोद्याला नाही). १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ काढून बघा. फुकट वकील मिळण्याच्या यादीत स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली माणसं आहेत. तिथेही 'नागरिक' असं म्हटलेलं नाही. म्हणजे हा परदेशी माणूस उद्या कोठडीत गेला तर त्यालाही सरकारी खर्चाने वकील मिळेल. आज तो बाहेर आहे आणि कागद वेळेवर भरला तर बाहेरच राहील. स्वस्तात कुठलं पडेल सांगा.

आणि खरं सांगू? कैद्यांचं काम करा म्हणून मी बऱ्याच जणांच्या मागे लागले आहे. 'आधी आपल्यांचं बघा' म्हणणाऱ्यांपैकी कुणी आलेलं आठवत नाही. तुम्ही येणार असाल तर विधी सेवेच्या हेल्पलाइनला, १५१०० ला फोन लावा, पॅरालीगल स्वयंसेवक हवेच असतात, त्याला वकिलीची सनद लागत नाही.

झंप्या

अनुराधाताई, दंडवत.

खोडसाळ_पोपट

एमएसयूत (बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात) शिष्यवृत्तीवर पीएचडी, घरी चौकशा, लेख... अफगाण असणार. किंवा म्यानमार. पैज?

सानिका_दांडियाबाजार

पोपटराव, हेच करू नका म्हटलं होतं. विद्यापीठ केवढं आणि त्यातले परदेशी विद्यार्थी किती, जरा विचार करा. संपादकांना हा प्रतिसाद उडवायची विनंती केली आहे.

वकीलकाका

बरोबर केलंस. आणि याच विषयावर एक मुद्दा राहिला होता. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ (जुन्या कायद्यातलं १२६ आणि १२७) अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवतं. ते संरक्षण वकिलाला आहे, त्याच्या कारकुनांना-नोकरांना आहे, आणि दुभाष्यालाही आहे. मध्ये घालून देणाऱ्या प्रेमळ बाईंना नाही. म्हणून विद्यापीठातल्या बाईंना चहा पाज, त्यांचे आभार मान, पण जबानी घेताना त्यांना बाहेर बसव. वकीलपत्र फी नसली तरी लिहून घे.

लीड्सकर

मी इंग्लंडात एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात आहे. अशा संशोधकांना बोलावणाऱ्या बाजूने काय दिसतं ते लिहिते.

संस्था बऱ्याच आहेत. इथली सगळ्यात जुनी 'कारा', १९३३ सालची. हिटलरने ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात केल्यावर विल्यम बेव्हरिजने पुढाकार घेतला आणि रदरफोर्ड पहिला अध्यक्ष झाला. त्या काळी वाचवलेल्यांतल्या १६ जणांना पुढे नोबेल मिळालं. अमेरिकेत 'स्कॉलर्स ॲट रिस्क' १९९९ मध्ये शिकागोला सुरू झाली, आता न्यूयॉर्क विद्यापीठात आहे. आयआयई या संस्थेचा 'स्कॉलर रेस्क्यू फंड'ही अमेरिकेतलाच. फ्रान्समध्ये 'पॉज'. जर्मनीत हुम्बोल्ट फाउंडेशनचं 'फिलिप श्वार्त्झ'. हा श्वार्त्झ स्वतः १९३३ मध्ये फ्रँकफुर्टहून झुरिचला पळालेला पॅथॉलॉजिस्ट. त्याने तिथे बसून हाकललेल्या जर्मन प्राध्यापकांची यादी केली आणि त्यातल्या अनेकांना इस्तंबूल विद्यापीठात नोकऱ्या लावून दिल्या.

आता कटू भाग. सानिका, तुमच्या माणसाची पीएचडी अजून झालेली नाही. यातले बरेचसे कार्यक्रम पीएचडी झालेल्यांना धरून आखलेले आहेत. शिवाय मायदेश सोडून किती काळ झाला याच्या अटी असतात. शिकवण्याचा अनुभव असलेल्यांना काही ठिकाणी सवलत मिळते, ती अट ओळ न ओळ वाचा. पीएचडी चालू असलेल्यांसाठी जर्मनीच्या डाडचा (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी संस्था) 'हिल्डे डोमिन' हा वेगळा कार्यक्रम २०२१ मध्ये आला. पण त्यात उमेदवार स्वतः अर्ज करत नाही, जर्मन संस्थेने नाव सुचवावं लागतं. श्वार्त्झमध्येही अर्ज यजमान विद्यापीठच करतं. म्हणजे पहिला शोध तिकडच्या प्राध्यापकाचा, शिष्यवृत्तीचा नंतर. आणि सगळ्यात सोपी गोष्ट कुणी बोलत नाही: इथली पीएचडी पुरी होण्यासारखी असेल तर विभागाकडून मुदतवाढीचं पत्र मिळवा. प्रबंध सादर झाला की निम्मी दारं उघडतात.

आणि ब्रिटनच्या व्हिसाबद्दल सल्ला देऊ नका. इथे नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, संस्था धर्मादाय असली तरी. तुम्ही बडोद्यात आहात म्हणून तुम्हाला कुणी पकडणार नाही, पण नियम एवढा कडक का, ते चुकीच्या सल्ल्याने आयुष्य उद्ध्वस्त झालेली माणसं बघितली की कळतं.

रावपुरा_रिटर्न्स

फुकट सल्ला देणं गुन्हा! हा कायदा बडोद्यात आणला तर सुरसागर तलावाच्या पाळीवरचे निम्मे काका आत जातील.

सयाजीभक्त

थोडं अवांतर. धोक्यातला विद्वान, फुकट वकील आणि दुसऱ्या राज्यात आश्रय या तिन्ही गोष्टी आपल्या बडोद्याला नव्या नाहीत. बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे अरविंद घोष १९०६ मध्ये इथून बंगालला गेले. अलीपूर बॉम्ब खटल्यात अडकले तेव्हा चित्तरंजन दास त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेही जवळजवळ फुकट. १९०९ मध्ये सुटका झाली, तरी इंग्रज पाठ सोडेनात, म्हणून १९१० च्या एप्रिलमध्ये फ्रेंचांच्या पाँडिचेरीत पोचले. फ्रेंच हद्द होती म्हणून वाचले. आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे? गदरवाला क्रांतिकारक, इंग्रजांनी परतीचा रस्ता बंद केला म्हणून मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात काढलंय त्यांना.

आपल्या संग्रहालयाचे हर्मन गोएट्झ यांनाही विसरू नका. नाझी जर्मनीकडे पाठ फिरवून आलेला कलेतिहासाचा पंडित, त्याला बडोद्याने संग्रहालय सोपवलं. सयाजीराव महाराजांचं गाव आहे हे.

शंकासुर

महाराजांच्याच गावात १९१७ ला कोलंबियाहून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला खोली मिळाली नव्हती. शिष्यवृत्ती महाराजांची, दारं बंद केली ती गावाने. ते अवांतरात बसलं नाही वाटतं.

सयाजीभक्त

बसतं. तुमचं बरोबर आहे. खोलीचा मुद्दा आजही तसाच आहे, फतेगंजात परदेशी विद्यार्थ्याला घर बघायला पाठवा म्हणजे कळेल.

अनुराधा_जी

खोलीवरून आठवलं. कुणी भल्या मनाने अशा माणसाला घरी ठेवणार असेल तर पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा 'फॉर्म सी') भरायला विसरू नका. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत नोंद करायची असते, हॉटेल असो की घर. चांगुलपणा करून वर नोटीस आलेली बघितली आहे.

जर्सीकर

अमेरिकेबद्दल लिहितो. (वकील नाही, विद्यापीठात आहे, आमच्या विभागात असे दोन पाहुणे येऊन गेले.)

बहुतेकांचा समज असा की दूतावासात जाऊन 'मला आश्रय द्या' म्हणता येतं. बहुतेक देशांच्या दूतावासांत असा अर्ज घेतच नाहीत. आश्रय मागायला त्या देशाच्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो. म्हणून हे संशोधक फेलोशिप मिळवून साध्या कामाच्या किंवा अभ्यासाच्या व्हिसावर जातात. आणि इथेच मेख आहे. जे-१ व्हिसाच्या (अमेरिकेत पाहुण्या संशोधकांना मिळतो तो) मुलाखतीत 'काम संपल्यावर मी परत जाणार' हे पटवून द्यायचं असतं. ज्याला परत जाता येत नाही म्हणून फेलोशिप मिळाली, त्याने हे कसं पटवायचं?

त्यातून काही देशांसाठी प्रश्नच मिटलाय. जून २०२५ मध्ये १२ देशांवर प्रवेशबंदी आली, अफगाणिस्तान, इराण, म्यानमार त्यात आहेत. तेव्हा अमेरिका यादीत खाली ठेवा.

खोडसाळ_पोपट

त्यात काय, मुलाखतीत भीतीबद्दल बोलायचंच नाही. 'परत जाणार' म्हणून टाकायचं. सगळे तेच करतात.

वकीलकाका

पोपटराव, हा सल्ला एजंट देतो, म्हणूनच वकील लागतो. आज व्हिसा फॉर्मवर 'परत जाणार' लिहिलं आणि तिथे पोचून आश्रयाच्या अर्जात 'परत गेलो तर मरेन' लिहिलं, की सरकारी वकील दोन्ही कागद शेजारी ठेवतो. माणूस खरा असून खोटा ठरतो. खोटं बोलायचं नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं. त्या उत्तराने व्हिसा मिळत नसेल तर तो व्हिसा या माणसाचा नाही, दुसरा शोधायचा. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामध्ये परत जाण्याच्या इराद्याची ती अट नाही, जर्मनी-कॅनडात रस्ते वेगळे आहेत. पण कुठला घ्यायचा ते तिथला परवानाधारक वकील सांगेल. सानिकाने त्याच्यापर्यंत नीट फाईल पोचवायची.

आणि सानिका, नीट फाईल म्हणजे काय हे तुला शिकवायला नको. चेक बाउन्सच्या कलम १३८ ची नोटीस किती दिवसांत गेली, कुठल्या तारखेला पोचली, यावर तू रोज भांडतेस. तेच इथे लागतं. लेख कधी छापला, धमकी कधी आली, घरी कोण कधी आलं, याची तारीखवार यादी कर. मग स्वतःच विरुद्ध पक्षाची वकील होऊन उलटतपासणी घे. जिथे तो अडखळेल तिथे परदेशातला अधिकारी त्याला धरणार. तुझ्याकडे अडखळला तर काही बिघडत नाही.

लीड्सकर

काकांच्या प्रतिसादाला +१००. आमच्याकडे येणारे निम्मे अर्ज तारखांमुळे मागे-पुढे होतात. एक नमुना: इराणमध्ये, आणि अफगाणिस्तानातल्या जुन्या कागदांवर, हिजरी सौर पंचांग असतं. तिथलं १३७० साल २१ मार्च १९९१ च्या सुमारास सुरू होतं आणि पुढच्या मार्चपर्यंत चालतं. म्हणजे नुसतं '१३७०' लिहिलेल्या दाखल्यावरून जन्मसाल १९९१ ही निघतं आणि १९९२ ही. पासपोर्टवर एक, पदवीवर दुसरं. इथिओपियाचं पंचांग तर सात-आठ वर्षं मागे. आणि ज्यांची तारीखच माहीत नाही त्या सगळ्यांचा जन्म १ जानेवारीला.

रावपुरा_रिटर्न्स

आमच्या आख्ख्या पिढीचा जन्म १ जूनला झालाय, शाळेच्या मास्तरांच्या कृपेने. आम्हाला कुणी आश्रय देईल का?

लीड्सकर

:) हसू नका, अशा तफावतीवर प्रतिज्ञापत्र लागतं आणि ते बडोद्यातच नोटरी करून मिळतं. सानिका, हे अगदी तुमचं काम.

वहीपेन

मी विद्यापीठातून निवृत्त झालेली प्राध्यापिका. कायद्यातलं कळत नाही, पण एक भर घालते. वकील मंडळी छळाची हकीकत उत्तम लिहितात आणि माणसाचं संशोधन दोन ओळींत उरकतात. फेलोशिप देणारी समिती प्राध्यापकांची असते. ते आधी विचारतात, 'हा करतो काय?' संशोधन-आराखडा, प्रकाशनांची यादी आणि शिफारसपत्रं यांवर तेवढीच मेहनत घ्या. शिफारसपत्र मायदेशातल्या सहकाऱ्याकडून मागवताना दहादा विचार करा, पत्र देणाराही अडचणीत येऊ शकतो. इथला मार्गदर्शक देईल.

पदवीची मूळ कागदपत्रं तिकडून मागवता येत नसतील तर युरोपात कौन्सिल ऑफ युरोपचा निर्वासितांसाठीचा 'क्वालिफिकेशन्स पासपोर्ट' असतो. मुलाखत आणि हाताशी असलेले कागद यांवरून शिक्षण पडताळतात. नोकरीची हमी त्यात नाही, पण रिकाम्या हातापेक्षा बरं. आराखडा वाचून सुधारायला मी तयार आहे, नाव खोडून पाठवा.

शंकासुर

माझं मत फारसं बदललेलं नाही. पण एक प्रामाणिक प्रश्न. हे करणाऱ्या वकिलाच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागतो का? बायको-मुलं असलेल्या माणसाने विचारायला हवं ना.

वकीलकाका

रास्त प्रश्न. वकीलपत्र घेऊन अर्ज भरणं, मुदतवाढ मागणं हा धंदा आहे, त्यात गैर काही नाही. उलट बार कौन्सिलच्या नियमांत फी परवडत नसलेल्यालाही वकील मिळायला हवा असं लिहिलंय. हद्द कुठे संपते? मुदत संपलेल्या माणसाला लपवून ठेवलं, खोटा भाडेकरार करून दिला, कागदावर मागची तारीख टाकली, की संपली. शिवाय चार वकील मिळून गट काढणार असाल आणि परदेशी संस्था खर्चाला पैसे देऊ करत असेल, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) बघितल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. स्वतःच्या खिशातून झेरॉक्स काढा, ते परवडेल.

जर्सीकर

एक राहिलं. फेलोशिपचं पत्र आलं की आनंदाच्या भरात कुणी करार वाचत नाही. किती महिने? बायको-मुलांचा व्हिसा आणि आरोग्य विमा धरलाय का? संपल्यावर काय? आमच्याकडच्या पाहुण्यांपैकी एकाची वर्षभराची मुदत संपायला आली तेव्हा नव्याने शोधाशोध सुरू झाली. अमेरिकेत आश्रयाचा अर्ज साधारणपणे पोचल्यापासून एका वर्षात करावा लागतो, तेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सानिका_दांडियाबाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सध्या ठरवलंय ते असं. वकीलपत्र झालं. व्हिसाची तारीख सगळ्यात आधी संपतेय, त्यामुळे मुदतवाढीचा अर्ज या आठवड्यात. विभागप्रमुखांना भेटून प्रबंधासाठी मुदतीचं पत्र मागितलंय, नाही म्हणाले नाहीत. तारखांची यादी करायला बसलो आणि काकांनी म्हटलं तशी उलटतपासणी घेतली. तीन ठिकाणी अडखळणं झालं, त्यातलं एक पंचांगाचंच निघालं. वहीपेन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. सीनियरांना फाईल दाखवली तर चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला लागले, आता परत देत नाहीयेत.

एक शेवटचा प्रश्न. खोलीवर कागद सुरक्षित वाटत नाहीत म्हणून मूळ पासपोर्ट आणि पदव्या माझ्या कपाटात ठेवू का, असं विचारणं आलंय. ठेवू?

वकीलकाका

पासपोर्ट अजिबात नको. तो ज्याचा त्याच्याजवळ, कुठल्याही क्षणी दाखवावा लागू शकतो. पदव्यांच्या रंगीत स्कॅन प्रती काढ, पासवर्ड घालून दोन जागी ठेव. मूळ पदव्या ठेवायच्याच असतील तर यादी करून, सही घेऊन, पावती देऊन. आणि सीनियरांना सांग, फाईल परत द्या, शुक्रवारी अर्ज जायचाय.